खारे पाणी आणि जुने इंजिन

बोटीचे इंजिन चालून चालून झिजते, हे खरे. पण बंदरांत भंगारात निघालेली इंजिने नीट पाहिली, तर पुष्कळांचा घात उभे राहण्याने झालेला दिसतो. धक्क्याला महिनोन्‌महिने बांधून ठेवलेली बोट, तिच्या तळाशी साचलेले खारे पाणी, थंड सिलिंडरमध्ये शिरलेली दमट हवा, एवढ्यावर चांगला बिडाचा ठोकळा जाम होऊन बसतो. रोज समुद्रावर जाणारे, ऑइल वेळेवर बदललेले आणि फार न ताणलेले डिझेल इंजिन मात्र मालकाच्या दोन पिढ्या पाहते. शंभरी गाठलेली काही बोट-इंजिने आजही चालू स्थितीत आहेत. ती इतकी का टिकतात आणि बिघडली की दोष कसा हुडकायचा, हे दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष डिझेल इंजिनाच्याही आधीचा. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने १८९० मध्ये एका तेलइंजिनाचे पेटंट घेतले आणि ग्रँथम गावच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून ते विकायला काढले. सिलिंडरच्या डोक्यावर बिडाचा एक पोकळ गोळा. इंजिन चालू करण्याआधी तो ब्लो-लॅम्पच्या ज्योतीवर दहा-पंधरा मिनिटे तापवायचा आणि पुरेसा तापला की भलेमोठे फ्लायव्हील हाताने हिसका देऊन फिरवायचे. तापलेल्या गोळ्यात तेल पडले की भडका उडतो. मग इंजिन स्वतःच्याच उष्णतेवर गोळा तापता ठेवते. ठिणगी नाही, बॅटरी नाही, विजेची एक तारही नाही. हलके-भारी कसलेही तेल त्याला चाले. स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांनी ही इंजिने उचलून धरली, कारण भर समुद्रात बिघडण्यासारखे त्यांत फारसे काही नव्हतेच. पुढे १९१८ मध्ये हॉर्न्सबी कंपनी रस्टन कंपनीत मिसळली, आणि रस्टन अँड हॉर्न्सबी या जोडनावाचा भारतीय कारखाना आपल्या चिंचवडला उभा राहिला.

स्टॉकहोमच्या बोलिंडर कंपनीने या गरम गोळ्याच्या इंजिनात एक अचाट युक्ती बसवली. बोट मागे घ्यायची तर आजचा ड्रायव्हर गिअर बदलतो. बोलिंडरला उलटा गिअर नव्हता. सबंध इंजिनच उलटे फिरवायचे! क्लच सोडून इंजिन इतके मंद करायचे, की आता बंदच पडते असे वाटावे. नेमक्या त्या क्षणी, पिस्टन वर येत असतानाच, तेलाचा फवारा आत सोडायचा. भडका वेळेआधी उडतो, पिस्टन माथ्याला पोचण्याआधीच मागे ढकलला जातो आणि फ्लायव्हील उलट्या दिशेने फिरू लागते. इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे त्याला दोन्ही दिशा सारख्याच. इंग्लंडच्या कालव्यांतल्या मालवाहू बोटींवर १९१२ पासून ही इंजिने बसू लागली आणि हौशी मालकांनी जपलेली काही अजून टुकटुकत असतात.

रुडॉल्फ डिझेलने तो गरम गोळाही काढून टाकला. ऑग्सबर्गच्या कारखान्यात फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक उष्णतेचे प्रत्यक्ष काम झालेले आढळले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मी मजल मारणेही जड जाई. तत्त्व मात्र साधे आहे. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि डिझेल त्याच्या निम्म्याहून कमी तापमानालाच आपोआप पेट घेते. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि पुरेसा दाब. जुन्या, पूर्णपणे यांत्रिक इंजिनात याखेरीज लपवण्यासारखे काही नसते. त्याचा कारभार उघडा असतो, आणि माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे अर्धे श्रेय या उघड्या कारभाराला आहे. जे दिसते ते दुरुस्त करता येते.

उरलेले अर्धे श्रेय आळसाला. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला गार्डनर कंपनी होती. तिने १९३० च्या दशकात आणलेले ‘सिक्स एलडब्ल्यू’ हे इंजिन सहा सिलिंडरचे, ८.४ लिटरचे, आणि ताकद मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर १०२ अश्वशक्ती. आज एखाद्या मोटारीचे दोन लिटरचे इंजिन याहून जास्त ताकद देते. पण एवढ्या मोठ्या धातूकडून एवढेच काम घेतल्यामुळे गार्डनर इंजिने बस, ट्रक आणि बोटी यांत दशकानुदशके टिकली. ग्लासगोच्या केल्विन इंजिनांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या ‘के’ मालिकेतली डिझेल इंजिने आधी चक्क पेट्रोलवर, ठिणगीने सुरू करायची. तापली की एक दांडा फिरवून डिझेलवर न्यायची. हाताने सुरू करता यावीत म्हणून हा द्राविडी प्राणायाम. स्कॉटलंडच्या मच्छीमारांनी तो बिनतक्रार केला.

भारतात मासेमारी बोटींवर इंजिने सर्रास येऊ लागली ती स्वातंत्र्यानंतर. १९५२ च्या करारातून केरळात नींडकरा परिसरात सुरू झालेला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प त्यातला गाजलेला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, ससून डॉकपासून हर्णे, मिरकरवाडा, मालवणपर्यंत, ट्रॉलरच्या पोटात आज जे दिसते ते पुष्कळदा मुळात ट्रकचे घराणे: लेलँडचे सहा सिलिंडरचे इंजिन समुद्रासाठी बदलून घेतलेले. रेडिएटर जातो आणि त्याच्या जागी हीट एक्स्चेंजर किंवा बोटीच्या तळाबाहेरून फिरवलेल्या नळ्या येतात. खाऱ्या पाण्याचा पंप आणि मरीन गिअरबॉक्स जोडला जातो. ठोकळा तोच राहिला तरी त्याचे आयुष्य बदलते. ट्रकला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. बोटीला उतार नसतो. जाळे ओढताना तासन्‌तास एकाच फेऱ्यांवर, एकाच ओझ्याखाली राबावे लागते.

इथे एक गणित प्रत्येक बोटमालकाने जाणून घ्यावे असे आहे. बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेऱ्या दहा टक्क्यांनी कमी केल्या तर लागणारी ताकद सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. बोट थोडी हळू जाते एवढेच. इंजिनावरचा भार मात्र चतुर्थांशाहून अधिक हलका होतो. म्हाताऱ्या इंजिनाला याहून स्वस्त औषध नाही. उलट जास्त ओढ मिळावी म्हणून मोठा पंखा बसवला, की इंजिन कधीच पूर्ण फेऱ्या घेऊ शकत नाही, काळा धूर ओकत राहते, आणि दोष नोझलच्या माथी मारला जातो.

दोष शोधण्याची शिस्त एका वाक्यात सांगता येते: स्वस्त ते महाग आणि बाहेरून आत. पाळणे मात्र अवघड. इंजिन अडले की ‘हेड उतरवू या’ म्हणणारा मिस्त्री कामाचा वाटतो, आणि एका फिल्टरवर भागणारे काम आठवडाभर लांबते. उघडल्याने दोष कळतो हा भ्रम आहे. उघडल्याने पुरावा पुसला जातो. धूर, आवाज, पाण्याची धार, डिपस्टिकवरचे ऑइल हे सगळे इंजिन बंद आवळलेले असतानाच बोलतात.

समजा स्टार्टर फिरतो आहे, पण इंजिन पेटत नाही. आधी पाहायचे ते हे, की धुराच्या पाइपातून काही बाहेर येते का. इंजिन फिरत असताना पांढुरका धूर दिसला तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे पण पेटत नाही. दाब कमी आहे किंवा इंजिन फार हळू फिरते आहे. बॅटरी उतरली, तारांची टोके गंजली, तर फेऱ्या मंदावतात, दाबलेल्या हवेला आपली उष्णता भिंतींना द्यायला वेळ मिळतो आणि डिझेल पेटण्याइतकी ती तापतच नाही. धुराचा मागमूस नसेल तर डिझेलच पोचलेले नाही. टाकीचा कॉक, बंद करण्याची तार, फिल्टर आणि मग हवा, याच क्रमाने.

‘इंजिनाने हवा घेतली’ ही तक्रार प्रत्येक बंदरात ऐकू येते. डिझेल दाबले जात नाही म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. नळीत हवेचा बुडबुडा असला तर तो आकसतो, धक्का गिळून टाकतो आणि नोझल उघडतच नाही, कारण ते उघडायला वातावरणाच्या जवळपास दोनशे पट दाब लागतो. हवा काढायची रीत ठरलेली आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस संपून सलग धार आली की स्क्रू आवळायचा, पुढे पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलच्या नळ्यांची नटे किंचित सैल करून इंजिन फिरवायचे. हवा काढूनही पुन्हा पुन्हा येत असेल तर हवा आत ओढणारी फट टाकी आणि पंप यांच्या मधल्या नळीत असते. तिथे पोकळीचा ओढा असतो, म्हणून डिझेल बाहेर गळत नाही आणि फट डोळ्यांना दिसत नाही. जुना रबरी पाइप आणि सैल क्लिप इथे पहिले संशयित.

डिझेल पंपाच्या आतले काम पाहिले तर ज्या इंजिनाला आपण ओबडधोबड म्हणतो त्याच्याबद्दलचे मत बदलते. प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात अंतर दोन-तीन मायक्रॉनचे असते. माणसाचा केस त्याच्या वीस-तीस पट जाड. सील नाही, रिंग नाही, नुसता घासून जुळवलेला धातू. त्याचे वंगण म्हणजे वाहणारे डिझेलच. त्यात पाण्याचे थेंब आले की प्लंजरवर गंज धरतो, नोझलचे टोक खराब होते, आणि हा खर्च हेड उतरवण्यापेक्षा कमी नसतो.

पाणी टाकीत येते कुठून? अर्धी भरलेली टाकी रात्री थंड होते आणि तिच्या भिंतींना दव सुटते. हे पाणी डिझेलहून जड, तळाशी बसते, आणि जिथे पाणी आणि डिझेल यांची हद्द लागते तिथे चक्क सजीव वस्ती होते. जिवाणू आणि बुरशी डिझेलवर पोसतात व पाण्यात राहतात. ‘हॉर्मोकॉनिस रेझिनी’ नावाची बुरशी तर खनिज तेल खाण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. विमानांच्या टाक्यांतही तिने उच्छाद मांडला होता. तिचा काळपट, बुळबुळीत थर टाकीच्या तळाशी मुकाट पडून असतो. समुद्र शांत असेतोवर काही होत नाही. बोट खवळलेल्या पाण्यात सापडली की टाकी घुसळून निघते, थर उसळतो, फिल्टर मिनिटांत बुजतो आणि इंजिन नेमके तेव्हाच बंद पडते. ‘वादळातच इंजिन दगा देते’ या सार्वत्रिक गाऱ्हाण्यामागे दैव नाही, टाकीचा तळ आहे. टाकी भरलेली ठेवणे आणि तळाचा कॉक उघडून पाणी काढणे, एवढाच उपाय.

धुराचे रंग जुने मिस्त्री लांबून वाचतात. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर तुंबला आहे, नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडते आहे, किंवा ओझेच जास्त आहे. तळाला शिंपले-कालवांचा थर आणि पंख्यात अडकलेला जाळ्याचा तुकडाही काळा धूर काढतात, त्यासाठी इंजिनाला हात लावण्याची गरज नसते. निळसर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंग किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले. पांढऱ्यात दोन जाती. वाफ हवेत विरून जाते. न जळलेले डिझेल विरत नाही, डोळ्यांना झोंबते आणि बोटीमागे पाण्यावर रंगीत तवंग सोडते.

सहापैकी एक सिलिंडर ‘मिसिंग’ मारत असेल तर तो हुडकण्याची पद्धत फार सुंदर आहे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचे नट सैल करायचे. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. आवाज पडला, इंजिन लंगडले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. एक पाना आणि दोन कान एवढीच सामग्री. फक्त सुटणाऱ्या डिझेलच्या वाटेत हात येऊ द्यायचा नाही. बारीक भोकातून त्या दाबाने निघालेली धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापावे लागण्याइतकी चिघळू शकते. नव्या कॉमन-रेल इंजिनांवर तर हा प्रयोग कधीच करू नये. तिथला दाब याच्या कित्येक पट.

डिझेलनंतर पाणी. बोटीच्या इंजिनाला सगळा समुद्र थंडाव्यासाठी मोकळा आहे आणि तरी ते तापते, ही विसंगतीच म्हणायची. तापले की पहिली नजर पाणी आत घेणाऱ्या भोकाकडे आणि जाळीकडे. हल्ली तिथे शेवाळापेक्षा प्लॅस्टिकची पिशवी सापडते. दुसरी नजर पंपातल्या रबरी इम्पेलरकडे. याला लवचिक पाती असतात आणि पाणी हेच त्यांचे वंगण. पाण्यावाचून फिरला तर तो थोड्याच वेळात जळून फाटतो. फाटलेली पाती पंपात सापडली नाहीत तर काम संपलेले नाही. ती पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असतात. नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतच राहिले की मालक पंपाला शिव्या देतो, आणि जुन्या पात्याचा तुकडा पुढच्या नळीत स्वस्थ बसलेला असतो.

काही जुन्या छोट्या इंजिनांत समुद्राचे पाणी थेट ठोकळ्यातूनच फिरते. त्यांचा थर्मोस्टॅट मुद्दाम ५५-६० अंशांच्या आसपास उघडणारा असतो, कारण खारे पाणी याहून फार तापले की त्यातले कॅल्शियमचे क्षार वेगाने भिंतींवर बसू लागतात. नकळत कुणी गाडीचा ८० अंशांचा थर्मोस्टॅट बसवला, तर काही काळात पाण्याच्या वाटा दगडी थराने बुजतात. हा थर सौम्य आम्लाने काढता येतो. मात्र आम्ल गंजून पातळ झालेल्या भिंतीही दाखवून देते, कधी कधी आरपार भोकाच्या रूपात.

परदेशी शिडाच्या आणि हौशी बोटींवर इंजिनातून निघालेले पाणी धुराच्या पाइपातच सोडतात, म्हणजे पाइप थंड राहतो. आपल्या ट्रॉलरवर धुराचा पाइप बहुधा कोरडा, सरळ वर जाणारा. दोन्हींत आपापली दुखणी आहेत, पण ओल्या पाइपाचे दुखणे जीवघेणे. इंजिन पेटत नाही म्हणून चालक स्टार्टर मारत राहतो. इंजिन फिरते तसा पंपही फिरतो आणि पाणी सायलेन्सरमध्ये भरत जाते. पण इंजिन पेटलेले नसल्यामुळे पाण्याला बाहेर फेकणारा धूर नसतो. पाणी चढत चढत उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. हवा दाबली जाते, पाणी नाही. पुढच्या फेरीला पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीनदा स्टार्टर मारून इंजिन न पेटल्यास समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायचा आणि पेटताक्षणी आठवणीने उघडायचा.

ऑइलकडे बघणे म्हणजे इंजिनाच्या आतल्या गोष्टी बाहेर ऐकणे. ते दुधाळ झाले तर पाणी मिसळले आहे: ऑइल कूलरची नळी फुटली, हेड गॅस्केट गेले किंवा ठोकळ्याला तडा आहे. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर आनंद मानायचा नाही. पाणी नसेल तर डिझेल आहे, बहुधा फीड पंपाचा पडदा फाटून आत उतरलेले. वास घेतला की कळते. डिझेलने पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते, आणि त्याहून भयंकर म्हणजे इंजिन ते ऑइल हवेबरोबर ओढून इंधन म्हणून जाळू लागते. अशा वेळी डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, उलट फेऱ्या वाढतच जातात. फार झिजलेल्या रिंगांमुळेही हे घडते. एकच उपाय उरतो, हवा तोडणे. हवेच्या तोंडावर फळी किंवा जाड पत्रा घट्ट दाबायचा. हात किंवा फडके नाही; इंजिन ते ओढून घेते.

समुद्रात आणखी एक अदृश्य खादाड असतो. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळतो. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांवर तांब्याचा पत्रा ठोकत, तो समुद्रात खंगे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तोडगा काढला: तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा, ते विरघळतील आणि तांबे वाचेल. ‘समरँग’ या जहाजावर प्रयोग झाला आणि तांबे खरोखर वाचले. पण जहाजाच्या तळावर शिंपल्यांची दाटी झाली! विरघळणारे तांबेच इतके दिवस त्यांना विष घालून दूर ठेवत होते. डेव्हीचा हा उपाय तेव्हा फसला तरी तत्त्व अजरामर ठरले. आज पंख्याच्या शाफ्टवर आणि हीट एक्स्चेंजरच्या आत जस्ताचे तुकडे असतात ते त्याच कारणाने. जस्त निम्मे खाल्ले गेले की बदलायचे. कधीच न झिजणारे जस्त बघून खूश होऊ नये, त्याचा धातूशी संबंधच तुटलेला असतो. जस्त संपल्यावर पितळेची पाळी येते. पितळेतले जस्त विरघळते, उरतो गुलाबी, सच्छिद्र, बोटाने मोडणारा सांगाडा. पिवळ्या पितळी कॉकवर गुलाबी डाग दिसला तर तो कॉक त्याच दिवशी बदलावा.

एवढे सगळे तपासूनही दोष उरला तर इंजिन खोलायचे. कोकणात त्याला हंगाम आहे: जून-जुलैची मासेमारीबंदी. बोटी वर काढलेल्या, शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आत इंजिन बांधून व्हायचे असते. सिलिंडरचे लायनर काढले की काही इंजिनांत बाहेरच्या, पाण्याकडच्या बाजूला सुईने टोचल्यासारखी भोके दिसतात. हा गंज नव्हे. पिस्टनच्या ठोक्यांनी लायनर थरथरते, पाण्यात क्षणभर पोकळ बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूचा कण उपटून नेतात. साध्या पाण्याऐवजी योग्य कूलंट वापरले तर हे पुष्कळ टळते.

फार जुन्या इंजिनांची बेअरिंगे दुकानात मिळत नाहीत. ती ओतावी लागतात. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये आणला, तोच अजून वापरतात. ओतल्यावर क्रँकशाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, बेअरिंगमध्ये ठेवून फिरवायचा, जिथे निळे लागेल तो उंचवटा खरडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरडणे. सगळ्या पृष्ठभागावर निळे ठिपके सारखे उमटेपर्यंत. हे काम यंत्र करत नाही, आणि ते जाणणारे हात कमी होत चालले आहेत. सुट्या भागांच्या बाबतीत आपला देश मात्र नशीबवान: इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे १९३० च्या आसपासचे मंदगती इंजिन तिकडे केव्हाच बंद झाले, राजकोटच्या कारखान्यांनी ते पुढे कित्येक वर्षे बनवले, आणि परदेशी हौशी लोक भाग मागवतात ते इथून.

बिडाला तडा गेला म्हणजे इंजिन गेले, ही समजूत १९१७ मध्येच खोटी ठरली. अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरच्या खलाशांनी वाफेच्या इंजिनांचे बिडाचे सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते. नवे ओतण्यात फार काळ गेला असता. अमेरिकी अभियंत्यांनी विजेचे वेल्डिंग आणि ठिगळे वापरून ते जोडले, आणि काही महिन्यांत तीच जहाजे अमेरिकी सैनिक घेऊन फ्रान्सकडे निघाली. आज त्याहून नाजूक पद्धत आहे: तड्याच्या आडव्या दिशेला भोके पाडून निकेल मिश्रधातूचे टाके ठोकून बसवायचे. उष्णता लागत नाही, म्हणून बीड नव्याने तडकत नाही.

निसर्ग (जून २०२०) किंवा तौक्ते (मे २०२१) यांसारख्या वादळांत बोट बुडाली, तर वर काढल्यावरचे तास मोलाचे. पाण्याखाली असताना इंजिन त्या मानाने सुरक्षित असते. ओल्या, खारट धातूला हवा लागली की गंज धावत येतो. म्हणून लगेच काम करता येणार नसेल तर इंजिन उन्हात सुकवण्याऐवजी गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे बरे. काम सुरू केले की नोझल काढायचे, हाताने फिरवून पाणी फेकायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, ऑइल भरून काढून पुन्हा भरायचे, आणि शक्यतो दिवसाच्या आत इंजिन चालू करून चांगले तापवायचे. उभे राहून जाम झालेल्या इंजिनाला मात्र घाई चालत नाही. सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल ओतून काही दिवस मुरू द्यायचे आणि फ्लायव्हील पहारीने थोडे पुढे, थोडे मागे हलवत राहायचे. स्टार्टरचा झटका दिला तर रिंगा मोडतात.

बांधून झालेल्या इंजिनाचे शेवटचे काम जमिनीवर करता येत नाही. गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत हवेत, पण वर काढलेली बोट ठोकळ्यांवर टेकते तिथे किंचित वाकते, आणि पाण्यात गेली की आपला मूळ आकार घेते. लाकडी असेल तर फळ्याही फुगतात. म्हणून बोट पाण्यात सोडून एक-दोन दिवस थांबायचे, मग कपलिंगचे बोल्ट काढून दोन तबकड्यांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजने मोजायची. चार इंची तबकडीला एक दशांश मिलिमीटरहून जास्त फरक आला तर इंजिनाच्या पायांखालचे नट फिरवून पुन्हा मोजायचे, शाफ्ट पाव फेरी फिरवून पुन्हा एकदा, आणि मगच बोल्ट आवळायचे.